तळहाताचा वास

मंजेरिकोला नाक लावायचं नाही, हे आमच्या सेतूबालमध्ये, पोर्तुगालच्या या बंदरात, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाक लावलं की रोप कोमेजतं म्हणतात. त्यावर अलगद तळहात ठेवायचा, जरा फिरवायचा आणि मग आपला हात हुंगायचा. जून लागला की खिडकीखिडकीतून ही कुंडी दिसते. तुळशीच्या जातीचं, चेंडूसारखं गोल, बारीक पानांचं रोप. त्यात खोचलेलं एक कागदी कार्नेशन आणि काडीला चिकटवलेली चार ओळींची कविता. संत अंतोनियोच्या दिवसांत, ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला ती द्यायची असते.

माझी पंचाईत अशी की मी मासळीवाला. बाजारातला ओटा बापाचा होता, तो गेल्यावर माझा झाला. हाताचा वास जावा म्हणून मी लिंबू चोळलं, कॉफीचा चोथा चोळला, व्हिनेगर झालं, राख झाली. वास काही हटत नाही. त्यामुळे मंजेरिकोवर हात फिरवून हुंगला की मला येतो तो तारलीचा वास. बाकीचे डोळे मिटून "आहाहा" करतात. मीही करतो. न करून सांगतो कुणाला?

आमच्या गल्लीमागच्या चौकात दर जूनला प्राइडवाल्यांची जत्रा भरते. चर्चपुढची जत्रा वेगळी; ही त्यानंतरच्या शनिवारी. कागदी माळा त्याच असतात, मध्ये सातरंगी पताका घालतात एवढंच. पहिल्या वर्षी इव्होन आमच्या बाजारात ओट्याओट्यावर विचारत फिरली होती. ही इव्होन शाळेत गणित शिकवते आणि त्यांचं मंडळही चालवते. तिची बायको दवाखान्यात नर्स आहे. तारल्या भाजायला तिला माणूस हवा होता. एकाची नेमकी त्याच दिवशी कंबर धरणार होती. दुसऱ्याला लग्नाला जायचं होतं, कुणाच्या ते त्याला आठवेना. मी म्हटलं, "मीठ जाडं आणा. बारीक आणलंत तर मी शेगडी उचलून घरी जाईन." तिने माझा हात हातात घेतला. बाकीच्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

खरं म्हणजे कुणीतरी विचारावं याची मी वाटच बघत होतो. मी त्यांच्यातलाच. हे वाक्य मी कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. आईपुढे नाही, आणि ती गेल्यावर रिकाम्या घरातही नाही. साठी उलटल्यावर ते तोंडातून काढायचं कसं, ते कुणी शिकवत नाही. पण शेगडीमागे उभं राहायला ते वाक्य लागत नाही. शेगडीवाल्याला लोक एकच विचारतात, अजून किती वेळ. तिथून मला सगळं दिसायचं. हातात हात घालून नाचणाऱ्या मुली दिसायच्या, आणि एकमेकांच्या ओठाला लागलेलं तेल पुसणारी पोरंही. मी त्यांच्यात असायचो आणि नसायचोही. जत्रा संपली की शेगडी घासून घरी यायचं, अंडं फोडायचं, रेडिओ लावायचा. एकट्यासाठी मासा भाजवत नाही मला.

आणि शेगडीकडे आदेरितो यायचा.

आदेरितो पलीकडच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या फेरीबोटीवर दोरखंड टाकायचा, आता निवृत्त आहे. त्याच्याबद्दल साऱ्या गावाला माहीत होतं, कारण त्याने कधी लपवलंच नाही. तरुणपणी बापाने त्यापायी घराबाहेर काढलं. बोटीवरच्यांनी टोमणे मारले, ते त्याने जिथल्या तिथे परत केले. दर जत्रेला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रांगेत उभा राहायचा.

"दोन द्या. काळपट बघून."

"करपलेल्या हव्यात तुम्हाला?"

"करपलेल्या नव्हेत हो. अनुभवी."

दर वर्षी हेच बोलणं आणि दर वर्षी मला हसू यायचं. मग तो पावावर तारली घेऊन माझ्या टेबलापाशी, ऐन धुरात उभ्यानेच खायचा. तिकडे खुर्च्या मोकळ्या असायच्या. मी म्हणायचो, "धूर लागेल, तिकडे बसा ना." तो म्हणायचा, "मला धूर चालतो." याच्यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नाही. वर्षभर मी त्यावर काढायचो.

यंदा माझ्या शेजारी नेहमीप्रमाणे दोना लुसिंदाचं टेबल होतं. ती कोबीचं सूप विकते आणि मंजेरिकोच्या कुंड्या. तिचा मुलगा आपल्या नवऱ्याबरोबर दूर देशी असतो. त्याच्या नावाने ती दर वर्षी या जत्रेत राबते. मी कोळसे पेटवत होतो तेव्हाच ती म्हणाली, "कळलं का? आदेरितो चालला. तिकडे दूर बेजाला, भाचीकडे. सोमवारी."

"किती दिवसांसाठी?"

"किती दिवस कसले? खोलीच सोडली त्याने. इथे त्याचं आहे कोण?"

मी पुठ्ठ्याने कोळशांना वारा घालत राहिलो. राख उडून तिच्या सुपावर गेली, तेव्हा ती खेकसली. दर वर्षी मी तिच्याकडून एक कुंडी घ्यायचो, टेबलावर ठेवायला. माशा बसू नयेत म्हणून, असं सांगायचो. यंदाही घेतली, पण कविता वाचून, निवडून घेतली.

"माशांना कविता कळतात वाटतं," लुसिंदा म्हणाली.

आज ही कुंडी आदेरितोला द्यायची, सोबत ते वाक्य बोलायचं, एवढं मी ठरवलं होतं. सोमवारनंतर बोलायला कुणी उरणार नव्हतं.

उन्हं चांगली होती अजून तेव्हा तो आला. तोच शर्ट. पण हातात एक कागदी पिशवी होती आणि पिशवीतून कार्नेशनचं लाल टोक वर आलं होतं. मी दोन तारल्या मुद्दाम कडेला, जास्त आचेवर ढकलल्या. त्याच्यापुढे रांगेत दोनच माणसं उरली होती.

तेवढ्यात कट्ट्यावरून इव्होनचा माईकवरचा आवाज आला. "बेल्मिरो काका, जरा वर या. या ना, दोन मिनिटं."

ती खाली येऊन मला ओढतच घेऊन गेली. रांगेतल्या एकाला पुठ्ठा धरायला दिला.

"आपल्या जत्रेत एक माणूस असा आहे," ती लोकांना म्हणाली, "जो आपल्यातला नाही. आपल्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा हा उभा राहिला. पहिल्या वर्षीपासून दर जूनला आपल्यासाठी धूर खातोय. सख्खे आपल्याला टाकतात, आणि परका असा जीव लावतो. बेल्मिरो काका, तुम्ही आमचे खरे मित्र आहात."

तिने माझ्या गळ्यात एक नवा एप्रन घातला. सातरंगी काठ, आणि छातीवर मोठ्या अक्षरांत 'आमचा मित्र'. चौकभर टाळ्या झाल्या. एक पोरगी तर रडत होती. मला राग आला. इव्होनचा नव्हे, तिचं काय चुकलं? इतकी वर्षं मी जे दाखवत आलो तेच तिने पाहिलं. राग आला तो त्या टाळ्यांचा, कारण त्या मनापासून होत्या आणि मी ज्याच्यासाठी झटून लपलो त्याचीच ती पावती होती. इतक्या आपल्या माणसांत मी इतका एकटा कधी नव्हतो.

तिने माईक माझ्या हातात दिला. समोर रांगेत आदेरितो. पिशवी त्याने छातीशी धरली होती. मी तोंड उघडलं.

"तारल्या करपतील," मी म्हणालो.

लोक हसले. आणखी टाळ्या झाल्या. मी खाली उतरलो.

शेगडीपाशी आलो तेव्हा त्याची पाळी आली होती.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"दोन ना? तुमच्या अनुभवी ठेवल्यात."

"एक पुरे आज. कुठलीही द्या."

त्याने पाव घेतला, पैसे ठेवले आणि धुरात थांबला नाही. लुसिंदाच्या टेबलाकडे गेला, पिशवीतली कुंडी काढून तिथे ठेवली. "ही तुम्हालाच राहू द्या, दोना लुसिंदा. बेजाला न्यायला जड होते." मग टोपी नीट करून तो बसथांब्याकडच्या बोळात वळला.

लुसिंदाने कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही त्याने सकाळीच माझ्याकडून नेली होती," ती म्हणाली. "अर्धा तास लावला कविता निवडायला. तू घेतलीस तशीच. मी कुणासाठी म्हणून विचारलं, तर लाजला. आता तुला समजत नसेल तर जन्मभर तारल्याच भाज."

शेगडी भरलेली होती. एक बाजू झालेली, उलटायची वेळ झालेली. पेटती शेगडी मी आयुष्यात कधी सोडली नव्हती. बापाने पहिली शिकवण तीच दिली होती. मी टेबलावरची माझी कुंडी उचलली आणि निघालो. मागून कुणीतरी "अहो, काका" म्हणत होतं. बोळात धावताना एप्रन पायात येत होता. करपल्याचा वास माझ्या मागोमाग थांब्यापर्यंत आला.

आदेरितो बाकावर बसला होता. पाव तसाच हातात.

"शेगडी कुणाकडे?" त्याने विचारलं.

"कुणाकडेच नाही."

त्याने माझ्या खांद्यावरून पाहिलं. घरांच्या वर काळा धूर चढत होता. "करपतायत."

"करपू देत. इव्होन चुकीचं बोलली."

"काय चुकीचं?"

त्याने मला जराही मदत केली नाही. मला धाप लागली होती. "मी मित्र नाही," मी म्हणालो. "म्हणजे, मी तुमच्यातलाच आहे. पहिल्यापासून."

बोलून झालं. काही कोसळलं नाही. पलीकडे एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, ती तशीच चालत गेली.

"मी तसंच धरून चाललो होतो," आदेरितो म्हणाला. "आज वाटलं, म्हातारपणी आपली नजर गेली. उगाच दर वर्षी धूर खाल्ला."

"मग कधी विचारलं का नाही?"

"असं विचारत नसतात, बेल्मिरो. माझ्याबद्दल मी सांगायच्या आधीच लोकांनी गावभर सांगितलं होतं. ते मी दुसऱ्यावर आणलं नसतं."

मी कुंडी पुढे केली.

"माशांसाठी?" तो म्हणाला.

"नाही."

त्याने ती मांडीवर घेतली. तळहात पानांवर ठेवला, सावकाश फिरवला, हुंगला. मग कुंडी माझ्याकडे सरकवली. "घ्या. तुम्हीही बघा."

"उपयोग नाही. माझ्या हाताला मासळीचाच वास येतो. मला हा वास कधी आलेलाच नाही."

"कधीच?"

"सगळे आहाहा करतात म्हणून मी करतो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने पुन्हा रोपावर हात ठेवला, चांगला दाबून, आणि तो तळहात माझ्या नाकापुढे धरला. दोरखंडांनी घट्टे पडलेला जाड हात. मी हुंगलं. हिरवा, मिऱ्यासारखा जरासा तिखट आणि मागून लिंबासारखा. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"आधी सांगायचंत," तो हळूच म्हणाला.

"सोमवारी जाताय?"

"सामान गेलंसुद्धा. खोलीत आता दुसरं कुणी येतंय. सोमवारपर्यंत पलीकडच्या किनाऱ्यावर एका जुन्या सोबत्याकडे आहे. भाचीने तिथे पलंग घेतलाय माझ्यासाठी." त्याने कुंडीतलं कागदी कार्नेशन सरळ केलं. "कालपर्यंत इथे अडकायला काही नव्हतं हो."

धक्क्याकडची बस आली. तो चढला, खिडकीशी बसला, कुंडी मांडीवर. हात हलवला नाही. तळहात काचेला लावून ठेवला. बस वळेपर्यंत मी पाहत होतो.

चौकात परतलो तर शेगडीवर कोळसा आणि तारली यांत फरक उरला नव्हता. रांग तशीच उभी. इव्होन धावत आली. "काका, काय झालं? बरं नाही का वाटत?"

मी एप्रन काढून तिच्या हातात दिला. "हा दुसऱ्या कुणाला द्या. मी तुमचा मित्र नाही, इव्होन. मी तुमच्यातला आहे."

तिचा हात तोंडावर गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं.

"समजलं सगळ्यांना," लुसिंदा म्हणाली. "आता नव्या तारल्या टाक. लोकं उपाशी आहेत." आणि तिने आदेरितोची कुंडी उचलून माझ्या टेबलावर, माझी असायची त्या जागी ठेवली.

ती आता माझ्या खिडकीत आहे. जुलै सरत आला; मंजेरिको ऑगस्टच्या पुढे जगत नाही, मीही ते जाणतो. खालची पानं पिवळी पडायला लागलीत. सोमवारी मासळीबाजार बंद असतो आणि बेजाला बस जाते, हे मी चौकशी करून ठेवलंय. अजून गेलो नाही. रोज सकाळी ओट्यावर निघण्याआधी रोपाला पाणी घालतो, त्यावर तळहात ठेवतो, फिरवतो आणि हुंगतो. वास तारलीचाच येतो. आता मी आहाहा करत नाही.