दुसरा पेला आणि चौथा पेला

सून उलट बोलली असती तर सासूबाईंनी खपवून घेतलं असतं. उलट बोलणाऱ्याला निदान उत्तर तरी देता येतं. पण ही बाई गप्प बसली. सासूची चूक पोटात घातली आणि वर बेताच्या साखरेचा चहासुद्धा करून आणला. असल्या गुन्ह्याला काय शिक्षा करायची माणसानं?

झालं होतं असं. सून पाण्याची संशोधक. खाऱ्या पाण्यातलं मीठ काढून ते पिण्याजोगं करायचं, तेही नुसत्या उन्हावर, हे तिचं काम. छपरावरची सौर पॅनेलं ऊन खातात, पंप खारं पाणी रेटतो, आणि कागदाहून पातळ अशा पडद्यातून पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडेच राहतं. फार जोरानं रेटलं की पडदा चोंदतो, सबुरीनं घेतलं तर वर्षानुवर्षं टिकतो, असं तिनं एकदा जेवताना समजावलं होतं. त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या की मग तो पडदा कसला, नवराच की. मुलाला ठसका लागला होता.

ते यंत्र यंदा सासूबाईंच्या माहेरच्या विहिरीवर बसलं. तीच विहीर, जिच्या जोरावर त्यांनी या घरात उभा जन्म दुसऱ्या पाण्यांना नावं ठेवली. नळाचं पांचट, टाकीचं कोंदट, बाटलीतलं मेलेलं. आमच्या विहिरीची सर नाही, हे ऐकतच मुलगा मोठा झाला. पुढे समुद्र जमिनीखालून आत सरकला, विहीर खारावली, गल्लीतली घरं एकामागून एक बंद झाली. आता तिथे नवी माणसं राहायला आली होती, पण ती जुनी चव चाखलेल्या सासूबाई तेवढ्या उरल्या होत्या.

यंत्रातून निघालेलं पाणी इतकं कोरं की त्या माणसांच्या घशाखाली उतरेना. म्हणून त्यात थोडे क्षार परत मिसळायचे होते. किती, ते ठरत नव्हतं. सून म्हणाली, आई, तुम्हीच सांगा. सासूबाईंनी आढेवेढे घेतले, पण खुर्ची आधीच ओढली होती.

टेबलावर पाच पेले मांडले. दुसऱ्यातलं पाणी सासूबाईंनी तोंडात घेतलं आणि बेसिनमध्ये थुंकलं. यात म्हैससुद्धा बसणार नाही, म्हणाल्या. चौथा पेला मात्र डोळे मिटून संपवला आणि हीच आमची विहीर, असं सांगून मोकळ्या झाल्या. सुनेनं मान डोलावली आणि चहा टाकायला उठली.

मुलाच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालता घालता तो आईजवळ बोलून गेला. चाखणाऱ्याची जीभ पारखायला दोन पेल्यांत मुद्दाम एकच पाणी ठेवतात म्हणे. दुसऱ्यात आणि चौथ्यात तेच होतं. आणि हे आईला सांगू नको, अशी बायकोची ताकीद होती.

तो गेल्यावर सासूबाई मागच्या दारात जाऊन बसल्या. त्यांनी विहिरीची ती चव जिभेवर आणून पाहिली. येईना. आलं ते भलतंच. ओल्या दोराचा वास. कडेला आपटत वर येणारी बादली. पायाखालचा गार दगड. आई आधी ओंजळ पुढे करायला लावायची आणि वरून धार सोडायची. पाणी कोपरापर्यंत ओघळून झग्याच्या बाहीत शिरायचं. आई म्हणायची, सांडलंस तर पुढची बादली तू ओढायचीस. आईचा आवाज अगदी कानाशी होता. चव तेवढी नव्हती. कधी निघून गेली, जाताना सांगूनही गेली नाही. माहेरचं घर विकलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आता त्या उठल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसल्या.

संध्याकाळी सून परतली. प्रमाण ठरवून दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं, म्हणून पाण्याचा कॅन तिच्या हातातच होता. सासूबाईंनी तिला दंडाला धरून बेसिनपाशी नेलं आणि ओंजळ पुढे केली.

"ओत. कालचंच. दुसऱ्या पेल्यातलं म्हण की चौथ्यातलं."

सुनेचा चेहरा उतरला. "आई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"ओत म्हटलं ना."

धार पडली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, बाही भिजली. सासूबाई न थांबता पीत राहिल्या. मग ओल्या हातानंच त्यांनी तोंड पुसलं, थोडे डोळेही.

"आता ऐक. आमच्या विहिरीची चव मला आठवत नाही. माझं मत खोडून टाक आणि तिथे राहतात त्यांना चाखायला बसव. विहीर आता त्यांची. पाणी चांगलं आहे, सांडलं तर जीव हळहळेल इतकं चांगलं. पण पुन्हा मला असं सांभाळून घेतलंस तर याद राख. चुकले तर तोंडावर सांगायचं. सासू आहे मी तुझी, तुझा तो पडदा नव्हे. जोरानं रेटलंस म्हणून चोंदायची नाही."