शाळेमागच्या गोड्या विहिरीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. चहूबाजूंनी खारा समुद्र असलेल्या एका लहानशा बेटावर, शाळेच्या मागच्या अंगणात माझा मुक्काम आहे.

मला बांधणाऱ्या पाथरवटाला लोकांनी वेड्यात काढले होते. समुद्राला एवढे खेटून गोडे पाणी लागणार कुठून, असे ते म्हणत. पण माझ्या आणि समुद्राच्या मधे वाऱ्याने घातलेला वाळूचा उंच बांध होता. पावसाचे पाणी त्यात मुरायचे आणि झिरपत झिरपत माझ्याकडे यायचे. पाणी लागले तेव्हा पाथरवटाने ओंजळभर पिऊन पाहिले. वर तोंड करून त्याने बायकोला घागर आणायला सांगितले, एवढेच.

पुढे बेटावरच्या कितीतरी तान्ह्या लेकरांची पहिली आंघोळ माझ्या पाण्याने झाली. बोटीतून येणारे पाहुणे म्हणायचे की चहा प्यावा तर इथलाच. कौतुकाने मीही सुखावत असे, खोटे कशाला सांगू!

मग एक ठेकेदार आला. पलीकडच्या किनाऱ्यावर मोठाल्या इमारती उठत होत्या आणि त्याला वाळू हवी होती. माझ्या बांधावर फावडी चालू लागली. खालच्या थरांतून तो आवाज मला सतत ऐकू येई. खर्र, खर्र. कोणीतरी माझ्या पाठीवरचे पांघरूण ओढत असल्यासारखे वाटे.

वाळू वाहणाऱ्यांत एक होडीवाला होता. त्याची मुलगी याच शाळेत शिकत होती. भारी चपळ, अगदी खारीसारखी, म्हणून सगळे तिला खारी म्हणत. एकदा मधल्या सुट्टीत पाणी पिताना तिने तोंड वाकडे केले आणि पाणी खारट लागते म्हणाली. बाकीची पोरे हसली. खारीला सगळेच खारे लागणार, असे म्हणून त्यांनी तिला भंडावून सोडले. पण ती खोटे बोलत नव्हती. माझ्या तळाशी कधीपासून काहीतरी थंड आणि जड सरकत होते. मला ते कळत होते, सांगता मात्र येत नव्हते.

महिन्याभरात ती चव साऱ्यांनाच लागली. मग हसणे थांबले.

शाळेच्या बाईंनी मुलांना बांधावर नेले. वाळूवर पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल त्यांनी दाखवली. हिची मुळे वाळू धरून ठेवतात, असे सांगितले. त्या दिवसापासून शाळा सुटली की मुले वेलीचे तुकडे आणून बांधाच्या शाळेकडच्या भागावर लावू लागली. कोणी प्लास्टिक वेची, कोणी बांधावर चरायला आलेल्या शेळ्या हाकलून लावी. मला बरे वाटे. पण वेलीला रुजायला वेळ लागतो आणि फावड्याला वेळ लागत नाही.

शेवटी एके सकाळी खारी मुलांना घेऊन बांधावर जाऊन बसली. समोर तिचे बाबाच फावडे घेऊन उभे होते. त्यांनी आधी समजावले, मग दटावले. कोणी हलेना.

"होडी रिकामी राहिली तर घरात शिजणार काय, ते तुझ्या बाईंना विचार," बाबा म्हणाले.

"आणि शिजवायला पाणी कुठून आणायचं, बाबा?" खारीने विचारले.

बाबांनी फावडे खांद्यावर टाकले. मला वाटले, सुटले! पण मुलांनी वेल लावलेली जागा सोडून ते जरा पुढे गेले आणि तिथे खणू लागले. घर चालवायचे होते त्यांना. मी त्यांना दोष देत नाही.

त्याच वर्षी वादळ आले. भरदुपारी अंधारून आले. पक्षी आधीच कुठेतरी नाहीसे झाले होते. बाईंनी मुलांना शाळेच्या माडीवर नेले. समुद्र बांधावर धडका देत राहिला आणि जिथे खणून खिंडार पडले होते, तिथूनच आत शिरला. अंगण बुडाले. माझ्या कठड्यावरून खारे पाणी आत कोसळले आणि मी काठोकाठ भरले. इतकी भरलेली मी आयुष्यात कधी नव्हते.

खारीचे बाबा कमरेएवढ्या पाण्यातून शाळेपर्यंत आले. मुले सुखरूप होती. वेलीने धरलेला बांधाचा भाग उभा होता, त्याच्या आडोशाला शाळेची भिंतही उभी होती. लेकीला जवळ घेऊन ते एवढेच म्हणाले, "मीच दार उघडून दिलं गं समुद्राला."

आता पिण्याचे पाणी पलीकडून पिंपांतून येते. ते वाटताना शेजारी शेजाऱ्याशी भांडतो. मुले खिंडारात वेल लावतात. खारेपण उतरावे म्हणून खारीचे बाबा रोज माझे पाणी उपसतात, आणि खारी एक थेंब जिभेवर ठेवून थुंकून टाकते. कधी म्हणते, कालच्यापेक्षा कमी खारट आहे. कधी काहीच म्हणत नाही, तेव्हा बाबाही विचारत नाहीत. आणि हल्ली भरतीच्या वेळी बेटाच्या दुसऱ्या टोकाकडून मला पुन्हा आवाज येऊ लागला आहे. खर्र, खर्र. ठेकेदाराला दुसरा होडीवाला मिळाला असावा.

मित्रांनो, विहीर आटली तर लोकांना निदान दिसते, ते धावाधाव करतात. नासलेली विहीर मात्र भरलेलीच दिसते. वरून डोकावलात तर मीही तुम्हाला तशीच दिसेन, तुमचा चेहरासुद्धा माझ्यात स्वच्छ दिसेल. म्हणून नुसते डोकावून निघून जाऊ नका. तुमच्या गावच्या विहिरीचे, तळ्याचे, ओढ्याचे पाणी कसे आहे, ते कुठून येते आणि त्या वाटेवर कोण काय खणते आहे, हे आजच जाऊन बघा. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येते.