माकडाच्या वर्षातली मुलगी

सूयुन दर शनिवारी तळ्याकाठच्या टेकडीवर लेकीसाठी स्थळ बघायला जायची. तिथं आईबाप आपापल्या मुलांची माहिती कागदावर लिहून दोरीला टांगतात आणि खाली स्टूल टाकून बसतात. "मांडलंस का मला आज?" असं यीलान फोनवर विचारायची. "मांडलं. कुणी हातसुद्धा लावला नाही," सूयुन सांगायची.

कारण उघड होतं. चिनी पंचांगात दर वर्षाला एक प्राणी असतो, आणि यीलान मेंढीच्या वर्षातली. दहा मेंढ्यांत एकीचाच संसार पुरा होतो म्हणे, त्यामुळे मेंढी वाचली की मुलांच्या आया पुढच्या कागदाकडे सरकतात. शुद्ध मूर्खपणा, पण मूर्खपणाशी वाद घालून कुणाचं लग्न जमलंय? शेवटी सूयुनने कागद नव्याने लिहिला आणि लेकीला एका वर्षाने धाकटी केली. माकडाचं वर्ष, सप्टेंबरची वीस तारीख. खोटं बोलायचं तर आपण कधीच विसरणार नाही अशी तारीख हवी, एवढं तिला कळत होतं.

मागच्या शनिवारी छू मास्तर आणि त्यांची बायको आली. मुलीची उंची, नोकरी, घर, काहीच विचारलं नाही. फक्त जन्मवेळ विचारली.

"दुपारी सव्वादोन," सूयुन बोलून गेली. आणि आज त्यांनी तिला होडीत बोलणी करायला बोलावलं होतं.

धुकं इतकं दाट होतं की सकाळचे दहा वाजूनही पलीकडचा बांध दिसेना. नवरा-बायको एका फळीवर बसले, सूयुन समोरच्या फळीवर एकटी. होडी तिच्याच बाजूला कलली.

"मावशी, मधे बसा की," मागून वल्हं मारणारा नावाडी म्हणाला.

"मधेच बसलेय. आणि माझं वजन ते काय, वाऱ्याने उडेन मी."

छूबाईंनी चहा ओतला. तीन पेले भरले, आणि चौथा भरून दोन्ही हातांनी सूयुनच्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोर ठेवला.

"मुलगा येणारेय का वाटेत?" सूयुनने हसून विचारलं. "फोटो बघून झाला, आता दर्शन तरी होऊ द्या. करतो काय तो? राहतो कुठं?"

"इथंच असतो," छूबाई म्हणाल्या. "फार शांत आहे हो, विहीणबाई. तुमच्या पोरीला त्रास नाही द्यायचा."

धुक्यातून तळ्यातले तीन दगडी दिवे दिसू लागले तसं नावाड्याने कुणी न सांगताच वल्हं थांबवलं. मास्तरांनी पिशवीतून लाल कागद काढला. नवऱ्या मुलाचं नाव लिहिलेलं होतं. त्याखाली जन्मतारीख, आणि तिच्याखाली आणखी एक तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.

सूयुनला ती दोनदा वाचावी लागली.

"याच जागी बुडाला," मास्तर म्हणाले. "आम्ही काही लपवत नाही आहोत."

"माझी मुलगी जिवंत आहे. सकाळी भांडलीय माझ्याशी. द्या तो कागद इकडे!"

दोघं गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली. "पण आम्ही ज्योतिषीबाईंना वेळ दाखवली," छूबाई हळूच म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, ही मुलगी केव्हाच गेली, पहिल्याच दिवशी. आम्हाला वाटलं, तुम्हीही आमच्यासारख्याच. आपलं गेलेलं लेकरू तिकडं एकटं राहू नये, त्याचंही लग्न लागावं म्हणून बसत असाल तिथं."

मास्तरांनी कागद लगेच तिच्या हातात दिला. "फाडून टाका. आमचा राग नाही."

छूबाईंनी मात्र विचारलं, "मग वेळ कुणाची दिलीत हो?"

वेळ धाकटीची होती. यीलान वर्षाची असताना सातव्या महिन्यातच, अपुऱ्या दिवसांची झालेली ती दुसरी. दुपारी सव्वादोनला झाली आणि दिवेलागणीला गेली. नवऱ्याने कोटात गुंडाळून नेली. कुठं ठेवली ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. खोटी तारीख शोधताना हात आपोआप तिच्यावर गेला होता. त्या क्षणी सूयुनला स्वतःची भयंकर लाज वाटली.

कागदावर नवरीच्या नावाची जागा कोरी होती. सूयुनने फाडायला तो दोन्ही हातांत धरला. होडी तिच्या बाजूला आणखी कलली. कुणीतरी ऐकायला पुढं वाकावं तशी, अगदी हळू.

बत्तीस वर्षांत त्या पोरीची कुणी चौकशी केली नव्हती. आणि ही दोन माणसं तिला मागणी घालायला आली होती.

"लेखणी द्या," सूयुन म्हणाली. आजवर एकदाही उच्चारलं नव्हतं ते नाव तिने लिहिलं: वानयिंग. मग किटली घेऊन तिने स्वतः पाचवा पेला भरला, दोन्ही हातांनी.

काठावर आधी ती उतरली, मग छू नवरा-बायको. तरी होडी हलकी होऊन वर उचलली गेली नाही. नावाड्याने एकदा रिकाम्या फळीकडे पाहिलं, मान लववली आणि होडी परत धुक्यात वळवली.

फोन वाजला. "काय ग आई, जमलं का एकदाचं?"

"जमलं."

"अरे बापरे. माझं?"

"नाही," सूयुन म्हणाली. तिला रडू फुटलं. "घरी ये. तुझ्या धाकट्या बहिणीचं जमलं."