सल्टच्या चढाला विजेची व्हॅन

सल्ट गावात, डोंगरावर, आमचं घर; घरात गाडी एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन. माझा नवरा नव्वाफ शाळेत भूगोल शिकवतो. त्याला गाडी हवी मुलांना आणि आईला फिरवायला. धाकटा दीर शिबली लग्न-साखरपुड्यांच्या ऑर्डरी पोचवतो, त्याला हवी मनसफच्या, म्हणजे आमच्याकडच्या मांस-भाताच्या, पातेल्यांना. ते मनसफ रांधते मी, त्यामुळे भांडणात मी दोन्ही बाजूंची. जुन्या डिझेल व्हॅनने ऐन उन्हाळ्यात मान टाकली आणि मेकॅनिकने हात जोडले, तेव्हा नव्वाफने अम्मानच्या एका विक्रेत्याला फोन करून छोटी विजेची व्हॅन एका दिवसासाठी मागवली. घर आणि धंदा दोन्ही एकीत बसतात का, ते बघायला.

दिवस ठरला शुक्रवार. नेमका त्याच दिवशी खाली खोऱ्यात, शुना गावी, माझ्या सासूच्या बहिणीच्या, नोफामावशीच्या नातीचा साखरपुडा. जेवण आमच्याकडचं.

सकाळी कुसै नावाचा पोरगेलासा विक्रेता गाडी घेऊन आला. शिबली टेप घेऊन तयारच होता.

"ही गाडी आहे का पोरांच्या वाढदिवसाची भेट?" त्याने विचारलं.

"बाहेरून छोटी आहे, शिबलीभाऊ. आत बघा ना."

शिबली मागच्या दारातून आत शिरला. आतून सेंटिमीटरचे आकडे ऐकू येत राहिले. मग मला, म्हणजे हैसमच्या आईला, हुकूम आला, "उम्म हैसम, पातेली आण!" चारही पातेली बसली, परातींची चळतही बसली, पण मागे काही दिसेनासं झालं. शिबलीने तेवढ्यावर नाक मुरडलं. मात्र सरकता दरवाजा त्याला आवडला. आमच्या गल्लीत साधा दरवाजा उघडला की तो थेट शेजाऱ्याच्या भिंतीवर टकटक करतो.

"आणि मागे सॉकेट आहे," कुसै अभिमानाने म्हणाला. "घरातली कुठलीही वस्तू लावा. डोंगरावर सहलीला गेलात तर कॉफीसुद्धा करता येईल."

एवढ्यात सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या. हज्जा फिद्दा म्हटलं की आमचा सगळा मोहल्ला वचकतो. पण दोन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. जुन्या व्हॅनची पायरी उंच. दोन्ही मुलं त्यांना काखेत धरून वर चढवायची. एकदा तसं चढवताना गल्लीतली पोरं हसली. त्या दिवसापासून त्यांनी सांगून टाकलं, "मी काय तांदळाचं पोतं आहे? मला कुठे नेऊ नका." साखरपुड्यालाही नाही म्हणून त्या आठवडाभर अडून बसल्या होत्या.

"चालू केलीस का रे?" त्यांनी शिबलीला विचारलं.

"चालूच आहे, यम्मा."

"मग बोलत का नाही ती?"

"तुझ्या सुनेवर नाही गेली."

"दुपारी परातीतलं मांस वाढताना तुझं तोंड लक्षात ठेवीन हं," मी म्हटलं.

सासूबाईंनी पुढचा दरवाजा उघडला. आत डोकावल्या, पाठ वळवली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसावं तशा अलगद सीटवर टेकल्या. मग एक पाय आत घेतला, नंतर दुसरा. कोणी हात लावला नाही. आम्ही सगळे बघत राहिलो. नव्वाफ तर चष्मा पुसायला लागला.

"काय बघताय?" त्या खेकसल्या. "माझी काळी शाल आणा. नोफा वाट बघत असेल."

शिबली गाडी चालवायला बसला. मी, नव्वाफ आणि कुसै मागे कोंबून बसलो. पोरं जावेच्या माहेरच्या गाडीतून पुढे गेली होती. बॅटरी चव्वेचाळीस टक्के होती. कुसै म्हणाला, पूर्ण भरून आणायला हवी होती, पण सकाळी घाई झाली. शुनेला पेट्रोलपंपावर चार्जर आहे, तिथे भरू.

सल्टहून खाली उतरायला लागलो की कान बंद होतात. शिबली ब्रेकवरचा पाय काढून बसला होता, गाडी आपणच वेग आवरत होती. खाली पोचलो तेव्हा आकडा झाला होता सेहेचाळीस.

"अरे, हिने वाटेत काही खाल्लं का?" शिबली चक्रावला.

"उतारावर चाकं वीज तयार करतात," नव्वाफने वर्गातल्यासारखं सांगितलं. "पण लक्षात ठेव, परत हजार मीटर चढायचंय."

नोफामावशीने बहिणीला दारात बघितलं आणि हातातला कॉफीचा कप तसाच सोडून दिला. दोघी गळ्यात पडल्या, रडल्या, मग लगेच एकमेकींच्या वजनावरून भांडल्या. मी पातेल्यांकडे वळले.

बाराच्या सुमाराला वीज गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणे, संध्याकाळपर्यंत आशा नको. बाहेर त्रेचाळीस अंश उष्णता. आतल्या खोलीत मावशीचे यजमान, नव्वदीला टेकलेले, हृदयाचं दुखणं. पाच मिनिटांत त्यांचा चेहरा घामाने डबडबला. मंडपातले पंखे थांबले, ऐंशी पाहुणे वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेऊ लागले.

"त्या गाडीला सॉकेट आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

कुसैचं तोंड उतरलं. "हज्जा, ते कॉफीसाठी... एसी म्हणजे फार होईल. आणि मग वर कसं चढणार?"

"माझा मेहुणा वर जाण्याआधी आपण वर जाण्याची काळजी करू नकोस. तारा जोड."

तारा जोडल्या. खोलीतला एसी घरघरला, मंडपातले सहा पंखे फिरायला लागले. नवऱ्या मुलाच्या काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सीटखाली जनरेटर शोधला. परातींवर भात, मांस आणि ताकाचा गरम रस्सा पडला. लोक जेवले, गायले. म्हातारे यजमान तर खोलीतून टाळ्या वाजवत होते. कुसै मात्र हातातला घास विसरून दर दहा मिनिटांनी गाडीच्या पडद्यावरचा आकडा बघून यायचा.

निघायच्या वेळी अठ्ठावीस टक्के. पेट्रोलपंपावरचा चार्जरही विजेवाचून मेलेला.

"पुरेल का?" मी नव्वाफला विचारलं.

त्याने कागदी रुमालावर हिशेब केला. "पुरेल. बहुतेक."

"ते बहुतेक पुसून टाक," शिबली म्हणाला.

आम्ही एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि चढायला लागलो. गाडीला जोर कमी नव्हता. एका ट्रकला तिने असं मागे टाकलं की शिबलीच्या मिशा फुलल्या. पण आकडा भराभर उतरत होता. वीस. पंधरा. अकरावर पडदा नारिंगी झाला आणि कुसै ओठांतल्या ओठांत कुराणातली आयत म्हणू लागला.

"मी उतरून चालत येतो," नव्वाफ म्हणाला. "तेवढंच वजन कमी."

"उतर," सासूबाई म्हणाल्या. "आणि शिबलीलाही ने. गाडी मी चालवते."

सगळे हसलो, कुसैसुद्धा. आठ. सात. मग सल्टची पिवळी घरं डोळ्यांपुढे आली. शेवटच्या वळणावर शिबलीने गाडीला एखाद्या घोडीसारखं चुचकारलं. दारात थांबलो तेव्हा आकडा चारवर होता. कुसै खाली उतरला आणि आमच्या उंबऱ्यावर मटकन बसला. मी त्याला पुदिन्याचा चहा दिला, घराच्या खिडकीतून तार सोडून गाडीलाही लावली.

मग अंगणात पंचायत बसली. शिबलीने बोटांवर मोजत दोष सांगितले. पातेली भरली की मागचं दिसत नाही, बॅटरी मोठी हवी, सहा माणसं झाली तर एक टपावर. नव्वाफ म्हणाला, मग लांब अंगाची घेऊ, सात सीटची, मागच्या दोन काढता येतात. ती घरासमोर मावेल का, यावर दोघे पुन्हा टेप घेऊन गल्लीत गेले.

"हज्जा, तुमचं काय मत?" कुसैने विचारलं.

"पुढची सीट एवढीच खाली असेल ना?"

"अगदी एवढीच."

"मग यांना मोजू दे काय मोजायचं ते."

तीन आठवड्यांनी लांब अंगाची आली, पांढरी. तिच्यावरून भांडण अजून होतं. आता हक्क सांगणारे तीन झालेत, आणि मंगळवार सासूबाईंनी परस्पर घेऊन टाकलाय. परवा शिबलीने मंगळवारची ऑर्डर धरली, तर त्या आधीच शाल पांघरून पुढे बसल्या होत्या.

"यम्मा, पातेली न्यायची आहेत!"

"मागे ठेव ना मग. मी कुठे मागे बसलेय?"