बिनगोंड्याचा हार

परतवाड्याच्या बसस्टँडसमोर खुशालरावांनी जन्मभर फुलं विकली, पण मढ्याच्या हाराचे पैसे कधी घेतले नाहीत. कुणाच्या घरी माणूस गेल्याचा निरोप आला, की ते हातातलं काम बाजूला सारायचे आणि पांढऱ्या शेवंतीचा हार गुंफायला बसायचे. त्या हाराला ते खाली गोंडा लावत नसत. देवाच्या, लग्नाच्या, सत्काराच्या हाराला गोंडा. मढ्याच्या हाराला नाही. हा त्यांचा स्वतःचा नियम. प्राजक्ता सून म्हणून आली आणि हार करायला शिकली, तेव्हा तिनं कारण विचारलं. ते म्हणाले, "गोंडा म्हंजे हौस, पोरी. गेलेल्या माणसाची काय हौस करतं?"

बिनगोंड्याचा हार दिसला की गाव ओळखायचं, हा खुशालरावांकडचा. गावानं त्यांना याच हारासाठी मान दिला. त्यांच्या मुलाला मात्र, म्हणजे प्राजक्ताच्या नवऱ्याला, गजेंद्रला, हा सगळा खुळेपणा वाटायचा. समोर पंजाबरावानं काचेचं दुकान थाटलं, गुलदस्ते ठेवले, आणि गिऱ्हाईक हळूहळू रस्ता ओलांडू लागलं. गजेंद्रची झोप उडाली.

मग अमरावतीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये "छोटा धंदा, मोठं नाव" असं शिबिर भरलं. गजेंद्र बायकोलाही घेऊन गेला. जाकीट घातलेले एक सर नागपूरहून आले होते. ते म्हणाले, माल सगळेच विकतात, तुम्ही चेहरा विका. चेहरा रोज दिसला पाहिजे. लोकांचं मन हळवं असतं तेव्हा दिसला पाहिजे. आणि सगळ्यांच्या आधी दिसला पाहिजे. मग त्यांनी विचारलं, शेजाऱ्याकडे नाही असं तुमच्याकडे काय आहे? गजेंद्रनं लाजत लाजत बापाच्या फुकट हाराची गोष्ट सांगितली.

"सोनं आहे हे, सोनं!" सर ओरडलेच. "पण त्या हारामागे चेहरा कुठे आहे?"

सरांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी सुरी दिली. ती भाजीवर चालवायची की माणसावर, हे घेणाऱ्यानं बघायचं असतं. गजेंद्र परत येताना गाडीभर मोबाइलमध्ये स्वतःचेच फोटो चाळत बसला. प्राजक्ताला तेव्हाच कसंसं झालं.

दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं. गावात कुणी गेलं, की घरच्यांचा हुंदका गळ्यातच असायचा आणि चौकात गजेंद्रचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलेला असायचा. फ्लेक्स छापणाऱ्या कुंदनला त्यानं आपला एक फोटो देऊन ठेवला होता: हात जोडलेले, नजर खाली, चेहरा पडलेला. फ्लेक्सवर मेलेल्याचा फोटो ताटलीएवढा आणि गजेंद्रचा परातीएवढा. खाली अक्षरं: शोकाकुल, गजेंद्र, खुशाल फ्लॉवर्स. अंत्यविधीचा हार मोफत. वैकुंठरथ सजावट माफक दरात.

आणि चाललं की हो! खोटं कशाला सांगायचं, लोक आले. अचलपुराहून फोन येऊ लागले. हार फुकट घ्यायला आलेला माणूस रथाची सजावट सांगून जायचा, कारण दुःखात कोण भाव करतो?

"गजू, हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी हाय," खुशालराव एकदा म्हणाले. "नोको खाऊ."

"बाबा, तुमी फुकट देत होते, मी बी फुकटच देऊन राहिलो. तुमी मुकाट देत, मी सांगून देतो. एवढाच फरक."

"तेवढ्यातच सारं आलं," म्हातारा म्हणाला आणि दोरा ओवू लागला.

मग एके दिवशी गजेंद्र गोड आवाजात म्हणाला, "बाबा, दुकानाच्या पाटीवर आता तुमचा फोटो टाकतो. धंदा तुमचा, चेहरा बी तुमचाच पायजे." खुशालरावांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी दाढी करून घेतली, नवा दुपट्टा खांद्यावर टाकला आणि स्टुडिओत ताठ बसले. त्या दिवशी म्हातारा फार खूश होता. पुढे रोज सकाळी दुकानाशी आले, की ते आधी वर बघायचे.

"पाटी कवा येते, गजू?"

"येऊन राहिली, बाबा."

पाटी आली नाही. खुशालरावांना अर्धांगवायूचा झटका आला. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, नळ्या लावल्या, आणि संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघणं कठीण आहे. गजेंद्र भिंतीला डोकं लावून रडला. खरं रडला, त्यात नाटक नव्हतं. मग त्यानं डोळे पुसले आणि फोन काढला. प्राजक्ता शेजारीच उभी होती.

"कुंदन, बाबाचा फ्लेक्स तयार हाय ना? पहाटे लावून टाक. पाचही चौकात."

तिकडून कुंदन काहीतरी म्हणाला असावा.

"अरे, थांबून कसं चालन? माह्या बापाले पंजाबरावानं माह्या आधी श्रद्धांजली वाहिली, तर मी तोंड कुठं दाखवू?"

प्राजक्ताला आधी कळलंच नाही. मग कळलं, की त्या दिवशीचा फोटो कशासाठी काढला होता.

"मामाजी अजून श्वास घेऊन राहिले," ती म्हणाली. "लाज वाटू द्या थोडी."

"रडायले तू हाय ना घरात? धंद्याचं मले पाहू दे."

सकाळी खुशालरावांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. तोवर परतवाड्यात त्यांच्या दारापुढे माणसं जमली होती. कुणी गोवऱ्या सांगून ठेवल्या होत्या. पंजाबराव स्वतः पुष्पचक्र घेऊन उभा होता, आणि म्हातारा जिवंत आहे कळल्यावर ते कुठे ठेवावं हे त्याला सुचेना. गाव हसून हसून लोळलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो हे ऐकून होते, पण बाप जायच्या आत त्याला पोचवणारा पोरगा लोकांनी पहिल्यांदा पाहिला. कुंदननं पळापळ करून फ्लेक्स उतरवले. अचलपूर नाक्यावरचा मात्र राहून गेला.

पंधरवड्यानं म्हाताऱ्याला घरी आणताना गाडी नेमकी त्याच नाक्यावर अडली. खुशालराव खिडकीतून बघत होते. फ्लेक्सवर वर एका कोपऱ्यात नव्या दुपट्ट्यातले ते, ताटलीएवढे. खाली परातीएवढा गजेंद्र. त्यांनी सगळं वाचलं, वैकुंठरथाच्या माफक दरापर्यंत.

"हा फोटो पाटीसाठी काढला होता ना, गजू?"

"चुकीनं लागला, बाबा. छापणाऱ्याची चूक झाली."

"छापणाऱ्याची," खुशालराव म्हणाले, आणि काच वर करायला सांगितली.

त्यानंतर ते मुलाशी बोलेनासे झाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं प्राजक्ताला वाटायचं. गजेंद्र म्हणायचा, आजारामुळे तसं होते. त्यानं तेवढ्यातही संधी साधली. नवा फ्लेक्स लागला: "यमाच्या दारातून परत! आमच्या बाबांना आपल्या आशीर्वादानं नवा जन्म." गाव पुन्हा हसलं, पण दुकानात गर्दी वाढली, आणि गर्दी वाढली की माणसाला आपलं सगळं बरोबरच वाटतं.

सरांचा फोन आला. अमरावतीला कार्यक्रम होता, त्यात गजेंद्रला "वऱ्हाडचा चेहरा" म्हणून गौरवायचं होतं. वडिलांना आणा, सर म्हणाले, त्यांच्या हातून हार घालू, काय व्हिडिओ होईल!

गजेंद्र बापापुढे उकिडवा बसला. "बाबा, सत्कार हाय माहा. तुमच्या हातानं हार घालसान?"

खुशालरावांनी हातातलं काम बाजूला सारलं. "घालतो," ते म्हणाले. "हार मीच करतो."

गजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी माफ केलं, असं तो दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटला.

कार्यक्रमाच्या सकाळी खुशालराव हार करायला बसले. डावा हात अजून नीट उचलत नव्हता, म्हणून सुई प्राजक्ता ओवून देत होती. पांढरी शेवंती, टपोरी, एकाला एक लागून. इतका सुरेख हार तिनं त्यांच्या हातून कधी पाहिला नव्हता. शेवट आला तशी तिनं टोपलीतून जरीचा लाल गोंडा काढून पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. बाहेर गजेंद्र नव्या जाकिटात शीळ घालत गाडी पुसत होता. एक हाक मारली असती तर तो सावध झाला असता. प्राजक्ताला दवाखान्यातल्या भिंतीशी उभं राहून त्यानं केलेला तो फोन आठवला. तिनं गोंडा परत टोपलीत टाकला आणि हार ओल्या फडक्यात गुंडाळला.

हॉल भरला होता. पडद्यावर गजेंद्रचा हात जोडलेला चेहरा झळकत होता. सर सांगत होते, या माणसानं बापाच्या संस्काराचा ब्रँड केला. परतवाड्याहून आलेल्यांत पंजाबराव होता, कुंदन होता. खुशालराव प्राजक्ताच्या खांद्याचा आधार घेत मंचावर चढले आणि त्यांनी मुलाच्या गळ्यात हार घातला. टाळ्या वाजल्या. गजेंद्र पाया पडायला वाकला तसं हाराचं टोक त्याच्या डोळ्यांपुढे लोंबलं, आणि तो वाकलेलाच राहिला.

सरांना काय माहीत? त्यांनी हसत हसत माइक पुढे केला. "बाबा, एवढा देखणा हार! मुलाकडून किती घेणार याचे?"

खुशालरावांनी माइक उजव्या हातात घट्ट धरला.

"काही नाही, साहेब. मढ्याच्या हाराचे पैसे मी घेत नाही."

पुढच्या रांगेतले दोघेतिघे हसले. परतवाड्याचं कुणी हसलं नाही. गजेंद्रचा हात हार काढायला गळ्याकडे गेला, पण सगळ्यांचे मोबाइल वर होते. त्यानं हात जोडले आणि नजर खाली घातली.

"चाल पोरी," खुशालराव सुनेला म्हणाले. "बस निघून जाईन."