मानसीच्या मानेवरचा डाग

मित्रांनो, मी गौरव सरांच्या लोणावळ्याच्या स्टुडिओतला ब्रश. अगदी बारीक, शून्य नंबरचा. अंग जाड ब्रशांनी घडवायचं, डोळ्यांतली चमक मी भरायची आणि कौतुकही मीच घ्यायचं, अशी आमची पद्धत.

सर तैलरंगात माणसं हुबेहूब रंगवत. "जसं दिसतं तसं," हे त्यांचं ब्रीद. फक्त बंगलेवाल्या माधवी मॅडमची दुसरी हनुवटी त्यांना कधी दिसली नाही.

सरांकडे धुणीभांडी करणारी शकुबाई वडिवळ्याची. तिची लेक मानसी चित्रासाठी बसली, पाठमोरी, केस वर बांधून. मानेवर रुपयाएवढा कोडाचा डाग होता, एरवी वेणीखाली असायचा. तो मी रंगवला. इतकं सुंदर काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

चित्र कायम झाकलेलं. शकुबाईला वाटलं, लेकीचा फोटोसारखा चेहरा असेल. लेकीची वराळ्याच्या सत्यमशी सुपारी फुटली होती. शकुबाईनं त्याच्या आईला, विहीणबाईंना, प्रदर्शनाला बोलावून टाकलं. "लय मोठी मान्सं येनार हायेत. तुमी बी या."

आदल्या दिवशी मानसी सरांपुढे उभी राहिली.

"सर, एवढा डाग झाकता का? सत्यमला माहितीये. त्याच्या आईला लग्नानंतर सांगू, असं तोच म्हणलाय."

"खोटं कसं रंगवू, मानसी?"

"मग मॅडमची हनुवटी कुटं गेली?"

"त्याला रचना म्हणतात," सर म्हणाले आणि चहाला गेले.

तिनं मला उचललं. तांबूस, पिवळा, पांढरा मिसळून स्वतःच्या कातडीचा रंग केला. मान नितळ झाली. सर परतले. खालचा रंग कधीच वाळला होता; त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला आणि डाग धुतल्यासारखा उजळ झाला.

प्रदर्शनात विहीणबाई चित्रापुढे बराच वेळ थांबल्या.

"रंग हाय तो नुसता," शकुबाई म्हणाली.

"व्हय, लय भारी काढलाय."

त्यांनी शेजारी उभ्या मानसीची वेणी उचलली, पाहिलं आणि भाजी परत टोपलीत टाकावी तशी खाली सोडली. सत्यम आपले बूट बघत होता. मागे कुणीतरी सरांचं अभिनंदन करत होतं.

त्या गडबडीत मला धुवायचं राहिलं. मानसीनं कालवलेला रंग मुळापर्यंत वाळला.

मित्रांनो, ब्रश वेळेवर धुवावा. नाहीतर माणसाच्या कातडीचा रंग त्याला चिकटून बसतो, आणि मग तो सरांच्या कामाचा राहत नाही.