प्रश्न हुद्द्याप्रमाणे

म्हसवडच्या अलीकडे सहा किलोमीटरवर आमची खैरवाडी आहे. घरटी एक माणूस फौजेत, काही घरांत दोन. त्यामुळे गावात माजी सैनिकांची संघटना आहे आणि संघटनेची व्याख्यानमालाही आहे. यंदा पुण्याहून विश्वजीत नावाचे प्राध्यापक आले. विषय होता, ‘सार्वजनिक धोरण : आरोग्यापासून राष्ट्रीय सुरक्षेपर्यंत’. एकाच माणसाला एवढं सगळं येतं म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला बोलवायची गरज उरली नाही, म्हणून संघटनेला हा विषय फार पसंत पडला.

संघटनेचे अध्यक्ष सुभेदार जोतिबा. त्यांनी नऊ वर्षांपूर्वी नियम घालून दिला आहे की व्याख्यानानंतरचे प्रश्न हुद्द्याप्रमाणे विचारायचे. आधी सुभेदार, मग नायब सुभेदार, हवालदार, नाईक, शिपाई. सगळ्यांत शेवटी सिव्हिल. सिव्हिलमध्ये बायका, शाळामास्तर आणि माझ्यासारखे लोक येतात. या नऊ वर्षांत प्रश्न हवालदारांच्या खाली कधी उतरलेला नाही.

यंदा सुभेदारांच्या पत्नीला, चंद्राबाईंना, एक प्रश्न विचारायचा होता. गावातल्या आरोग्य उपकेंद्राला चौदा महिने कुलूप होतं. आधीच्या नर्सबाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. चंद्राबाईंची सून पल्लवी आठव्या महिन्यात होती, रक्तदाब वाढलेला. मुलगा फौजेत शिपाई, दूर सीमेवर. सासू-सून दर आठवड्याला एसटीत उभ्या राहून म्हसवडला जात. आरोग्य अधिकारी चार खेपा घालूनही कचेरीत भेटले नव्हते, आणि तेच व्याख्यानाला प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते.

सकाळच्या चहाला चंद्राबाईंनी नवऱ्याकडे एका प्रश्नाची परवानगी मागितली. नंबर आल्यावर विचार, असं सुभेदार म्हणाले. नंबर येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

चंद्राबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाल्या, “आवं, पठाणकोटला बायकांच्या मीटिंगला मला कुठं बसवत हुते?”

“मागं. मी तवा लान्सनायक हुतो.”

“म्हंजी नवऱ्याचा हुद्दा बायकूला लागू हाय.”

“हाय की. फौजेची रीतच हाय ती.”

चंद्राबाईंनी कप विसळला आणि त्या म्हाताऱ्या भामाबाईंच्या घराकडे निघाल्या.

व्याख्यान देवळाच्या सभामंडपात पाच वाजता सुरू झालं. प्राध्यापकांनी पहिली चाळीस मिनिटं आरोग्याला दिली. शेवटच्या माणसापर्यंत सेवा कशी पोचते ते त्यांनी पडद्यावर बाण काढून दाखवलं. मग त्यांनी नकाशा लावून एका खिंडीवर बोट ठेवलं. सभेतले सात जण त्या खिंडीत राहून आलेले होते. त्यांनी उठून प्राध्यापकांचं बोट दीड वीत उजवीकडे सरकवलं. तिथून पुढचं व्याख्यान जरा जपून झालं.

प्रश्नांची वेळ झाली. सुभेदारांनी माईक हातात घेतला आणि घसा साफ केला. तेवढ्यात चंद्राबाई भामाबाईंचा हात धरून पुढं आल्या. भामाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गावातल्या एकमेव ऑनररी कॅप्टनच्या विधवा; हा हुद्दा सुभेदाराच्याही वरचा. चंद्राबाईंनी त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं.

“पयला नंबर काकींचा,” त्या म्हणाल्या.

सुभेदारांचा हात सलामासाठी अर्ध्यावर गेला होता. तिथूनच त्यांनी माईक पुढं केला.

भामाबाईंनी विचारलं, “आमच्या दवाखान्याचं कुलूप कवा निघनार?”

अधिकारी उठले. प्रस्ताव साताऱ्याला गेला आहे, सकारात्मक विचार चालू आहे, असं बरंच काही ते म्हणाले.

“बरं. मी बसलीया.”

भामाबाईंनी माईक मांडीवर ठेवला आणि पानाची पिशवी उघडली. सीनियर उठल्याशिवाय उठायचं नाही, हीसुद्धा फौजेची रीत. चाळीस माजी सैनिक ताठ बसून राहिले. प्राध्यापकांनी लॅपटॉप मिटला, सभेकडे पाहिलं, पुन्हा उघडला. अधिकाऱ्यांच्या ड्रायव्हरने जीप सुरू केली, तेव्हा मंडपाबाहेर उभ्या असलेल्या दोन हवालदारांनी त्याला डिझेलचं महत्त्व समजावलं.

पंचवीस मिनिटांनी अधिकाऱ्यांनी फोन लावला. बोलून झाल्यावर म्हणाले की नर्स येईल, सोमवार आणि गुरुवार.

“पोरगी मंगळवारी अडली तर तिला गुरुवारपतोर थांब म्हनू?” भामाबाईंनी विचारलं.

दुसरा फोन जरा लांबला. शेवटी सोमवारपासून रोज, असं ठरलं. चंद्राबाईंनी ते कागदावर लिहून सहीला पुढं केलं. सही झाली तशा भामाबाई उठल्या आणि त्यांच्यामागे सगळा मंडप उठला. प्राध्यापक जाताना चंद्राबाईंकडे पाहत मला म्हणाले की त्यांच्या बाणांत ही बाई कुठंच नव्हती.

सोमवारी कुलूप निघालं. चंद्राबाई पल्लवीला घेऊन पोचल्या तर दारात रांग लागलेली. गुडघे, साखर, कंबर, सगळं हुद्द्याप्रमाणे उभं होतं आणि सर्वांत पुढे सुभेदार. शिपायाची बायको म्हणून पल्लवीचा नंबर तेविसावा लागत होता. एका हवालदाराने तिला अदबीने मागची जागा दाखवली.

चंद्राबाईंनी सुनेचा हात सोडला नाही. त्या सरळ नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. “सरका. प्वाटातल्याचा हुद्दा अजून ठरला न्हाई. कोन जाने, जनरल आसंल.”

सुभेदारांनी क्षणभर सुनेच्या पोटाकडे पाहिलं, टाचा जुळवल्या आणि एक पाऊल मागे घेतलं. त्यांच्यामागे अख्खी रांग एक पाऊल मागे सरली.

पल्लवी आत गेली.